इंजेक्शन घ्या, पण मित्राच्या पेनातून नको

डॉक्टर मॅडम,
स.न.वि.वि.

माझं वय ४१. चाकणला एका फोर्जिंग कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. उंची १७० सेंटिमीटर, वजन १०४ किलो. बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. तीन महिन्यांची शुगर ६.१ आली, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून बजावलं. आजवर सगळं करून झालं. पहाटेचं चालणं, रात्रीचं जेवण बंद, गरम पाणी आणि लिंबू. सात-आठ किलो उतरतात आणि वर्षभरात परत येतात. इतका घोरतो की मुलगी आजीजवळ झोपायला जाते.

जिममधल्या एका मित्राला डायबेटिस आहे, तो टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन घेतो, त्यानं वजनही उतरतं. आता आम्ही दोघं मिळून त्याचं पेन (अनेक डोस भरलेली, पेनासारखी सिरिंज) आणतो, पैसे निम्मे-निम्मे. सुई प्रत्येक वेळी नवीन लावतो. पेन जिमच्या लॉकरमध्ये असतं. मी थेट त्याचाच ५ मिलिग्रॅमचा डोस सुरू केला. चार इंजेक्शनं झाली, पाच किलो उतरले. पण गेल्या आठवड्यात सेकंड शिफ्टला भट्टीजवळ उलट्या झाल्या आणि चक्कर येऊन खाली बसलो. घरी सांगितलं, पित्त झालं. बायकोला यातलं काहीच माहीत नाही. वडील म्हणतात, ‘आम्ही शेतात राबलो, आम्हाला कधी ढेरी सुटली नाही.’ त्यांना कळलं की मुलगा सुया टोचून वजन उतरवतोय, तर मान वर करून बघता येणार नाही.

दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे. मित्र म्हणतो, या औषधानं ताकद जाते, म्हणून सोबत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घे, जिममध्ये मिळतात. काय करू? चालू ठेवू की बंद करू? कृपया नाव छापू नये.

— एक वाचक, चाकण

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारणं मागाहून. पुढचं इंजेक्शन घेऊ नका. त्या पेनातलं तर पुन्हा कधीच नको. याच आठवड्यात एखाद्या फिजिशियनकडे किंवा मधुमेहतज्ज्ञाकडे जा. जे घडलं ते तारीख-वारानिशी त्यांना सांगा. त्यांच्या देखरेखीखाली हेच औषध तुम्हाला पुन्हा सुरू होऊ शकतं, आणि माझ्या मते तुम्ही त्याला पात्र आहात. म्हणजे माझी तक्रार औषधाबद्दल नाही. ज्या वाटेनं ते तुमच्यापर्यंत आलं, त्या वाटेबद्दल आहे.

सुई बदलली की झालं, असं तुम्हाला वाटतंय. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक शिकल्या-सवरल्या माणसांचाही तोच समज असतो. पण सुई टोचून बटण दाबताना आणि सोडताना त्वचेखालच्या रक्ताचा किंवा पेशींचा डोळ्यांना न दिसणारा अंश सुईतून मागे पेनातल्या औषधात जाऊ शकतो. नवी सुई लावली तरी आतलं औषध तेच असतं. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या वाटेनं एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. इन्सुलिनच्या पेनांनाही हाच नियम आहे: एक पेन, एकच माणूस. नवरा-बायकोतसुद्धा वाटून घ्यायचं नाही. मित्र दिसायला ठणठणीत आहे, याला अर्थ नाही. हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं शरीरात राहतात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. तेव्हा या तीन तपासण्या आत्ता करा आणि पुन्हा कधी करायच्या ते डॉक्टरांना विचारा. संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे तपासणीत तो दिसत नाही, म्हणून एका अहवालावर विसंबता येत नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल, तर तेही त्याच वेळी बोला.

जिमच्या लॉकरचं ऐकून मला काळजी वाटली. हे औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरायला काढल्यावर बाहेर ठेवलं तर तापमान ३० अंशांच्या वर जाता कामा नये, आणि तेही ठरावीक दिवसच. चाकणच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या लॉकरमध्ये किती ऊन तापतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आता उलट्या. टिर्झेपाटाइडची सुरुवात आठवड्याला २.५ मिलिग्रॅमनं होते. चार आठवडे तेवढ्यावरच थांबायचं, मग ५, आणि पुढे गरज वाटली तर दर वेळी २.५ने चढायचं. प्रत्येक पायरीवर निदान चार आठवडे. कमाल डोस १५. जेवल्यावर आपल्या आतड्यातून काही संप्रेरकं सुटतात. ती मेंदूला पोट भरल्याचं कळवतात, इन्सुलिनला हात देतात आणि जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात. हे औषध त्यांतल्या दोन संप्रेरकांसारखं काम करतं. शरीराला याची सवय होईपर्यंत मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब हे बऱ्याच जणांना होतं, आणि सवय हळूहळू व्हावी म्हणूनच पहिला महिना कमी डोसचा असतो. तो महिना तुम्ही गाळलात. शिवाय हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच पाच दिवस लागतात. त्यामुळे आज बंद केलं म्हणून उद्या मळमळ थांबेल, असं होत नाही.

भट्टीजवळची चक्कर मला त्याहून गंभीर वाटते. तुम्ही गरमीत काम करता, घाम जातो, भूक मेल्यामुळे पाणीही कमी प्यायलं जातं, वर उलट्या आणि वर बीपीची गोळी. वजन उतरू लागलं की बीपी आपोआप खाली येतं आणि जुना डोस जास्त पडतो. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं असतं. पाणी असं आटलं की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना गोळीची पट्टी सोबत न्या आणि क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. त्यांनी बीपी मोजल्यावर डोस ठरू दे.

आता त्या गोष्टीकडे येते, जी तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. तुम्हाला लाज वाटते आहे. सेमाग्लुटाइड हे याच जातीचं, वजन उतरवणारं दुसरं औषध. त्याच्यावरच्या ज्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. माझ्या दवाखान्यातही तेच दिसतं. बाई वजनासाठी येते आणि तसं सांगते. पुरुष येतो तो छातीत दुखलं म्हणून, लिव्हरला सूज आली म्हणून, नाहीतर बायकोनं ओढत आणलं म्हणून. वजनासाठी डॉक्टरकडे जाणं हे पुरुषाला कमीपणाचं वाटतं, आणि मग तो तेच औषध जिममध्ये, मित्राकडून, कुणाच्या तरी ओळखीनं मिळवतो. तुमच्या बाबतीत झालेली प्रत्येक चूक, म्हणजे चुकीचा डोस, वाटून घेतलेलं पेन, बीपीच्या गोळीचा न केलेला विचार आणि पित्ताचं खोटं कारण, या लपवण्यातून आलेली आहे.

तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून सांगते. ते राबले, यात शंका नाही. पण तुम्ही आळशी आहात म्हणून १०४ किलोंवर पोचलात, हे खरं नाही. सात-आठ किलो तुम्ही एकदा नाही, अनेकदा उतरवले आहेत. ते परत का येतात? वजन उतरलं की शरीर त्याला संकट समजतं. भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याचा निरोप देणारी घटतात, आणि हे महिनोन्महिने चालतं. रात्रपाळी, अपुरी झोप आणि घोरणं त्यात भर घालतात. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ३६ येतो. आपल्याकडे २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. ही औषधं ३०च्या पुढे, किंवा बीपी, शुगर यांसारखा त्रास असेल तर २७च्या पुढे, दिली जातात. तुम्ही त्या रेषेच्या बरेच पलीकडे आहात. लग्नाच्या फोटोसाठी पाच किलो उतरवायला येणाऱ्या मुलांना मी ही इंजेक्शनं देत नाही. तुमच्यासारख्यांसाठीच ती बनली आहेत.

सेमाग्लुटाइडवर २०२३ मध्ये आणखी एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेले, वजन जास्त असलेले पण मधुमेह नसलेले १७,६०४ लोक तिच्यात होते आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं. घोरण्याचंही बघा. झोपेत श्वास अडकण्याचा मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या लठ्ठ रुग्णांसाठी टिर्झेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तुम्हाला तो त्रास आहे का, याची झोपेची तपासणी करून घ्या. दिवसा डुलकी येत असेल तर तपासणी लांबवू नका. तुम्ही यंत्रांमध्ये काम करता.

अपेक्षा मात्र खऱ्या ठेवा. सेमाग्लुटाइडच्या २०२१च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. टिर्झेपाटाइडच्या सगळ्यात वरच्या डोसवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. ही सरासरी आहे, आणि पुरुषांचं वजन स्त्रियांपेक्षा थोडं कमीच उतरतं असं आढळलं आहे. तुमच्या १०४ किलोंतून १५ टक्के गेले की उरतात ८८ किलो. तेही सव्वा वर्षात. वजनकाट्यापेक्षा पोटाचा घेर मोजा, बेंबीच्या आसपास, श्वास सोडून. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर आहे.

याच्या मागे एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. दिसायलाही दोघं सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या माणसाच्या अंगात तेवढ्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे त्यांनी पुण्यातल्या नवजात बाळांमध्येसुद्धा दाखवून दिलं आहे. हे तुम्हाला सांगायचं कारण असं, की या इंजेक्शनांनी उतरणारं सगळं वजन चरबीचं नसतं. चाचण्यांमध्ये उतरलेल्या वजनाचा साधारण पाव ते चाळीस टक्के भाग चरबी सोडून इतर ऊतींचा होता, आणि त्यात स्नायू येतात. मुळात कमी असलेले स्नायू आपण आणखी गमावले, तर शुगर सांभाळणारं यंत्रच लहान होतं. मित्र म्हणतो ती ‘ताकद जाणं’ झालं तर इथे होतं, आणि ते टाळणं तुमच्या हातात आहे.

त्यासाठी भूक नसतानाही प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. तुमच्या अंगकाठीला रोज ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास लागतील. मूत्रपिंडाचा अहवाल बघून डॉक्टर नेमका आकडा सांगतील. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. चिकन, मासे खात असाल तर सोपं जाईल. शाकाहारी असाल तर मटकीची उसळ, दाट वरण, दही, पनीर, सोयाबीन यांना रोजची जागा द्या. जेवायला बसल्यावर भाजी-भाकरीच्या आधी तेच खा, कारण चार घासांत पोट भरतं आणि प्रथिनं ताटात राहून जातात. एका वेळी थोडं खा. तळलेलं टाळा, जठर सावकाश चालत असताना वडापाव तासन्‌तास तसाच पडून राहतो आणि मग उलटी होते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन दिवस काढणं सध्या नको, तिच्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. शिफ्टला जाताना पाण्याची बाटली भरून न्या, भट्टीजवळच्या दिवशी मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी ठेवा, मात्र बीपीमुळे मीठ किती घालायचं ते विचारून. आणि व्यायाम चालण्यापुरता ठेवू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचला, नाहीतर जोर-बैठका काढा. तुमच्या वडिलांनी तरुणपणी काढल्या असतील तर त्यांनाच शिकवायला सांगा.

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अजिबात घेऊ नका. ही ओळ मी सगळ्यांत ठासून लिहिते आहे, कारण तुम्हाला मूल हवं आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूला वाटतं शरीरात पुरेसं आहे, आणि तो वृषणांना काम करायला सांगणं थांबवतो. शुक्राणू घटतात, काहींचे शून्यावर येतात, आणि बंद केल्यावर परत यायला महिने, कधी वर्षभराहून जास्त काळ लागतो. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या, अंगानं पिळदार अशा तरुणांना हा इतिहास विचारावा लागतो आणि तोही बायकोला बाहेर बसवून, याचं मला फार वाईट वाटतं.

उलट लठ्ठपणामुळे जे टेस्टोस्टेरॉन खाली गेलेलं असतं, ते वजन उतरल्यावर आपलं आपण वर येतं. डेन्मार्कमध्ये लठ्ठ पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात आठ आठवड्यांच्या कमी उष्मांकाच्या आहारानं सरासरी सोळा-साडेसोळा किलो वजन उतरलं आणि शुक्राणूंची संख्या वाढली. पुढे वर्षभर ज्यांनी वजन धरून ठेवलं, त्यांच्यात ती सुधारणा टिकली. पुरुषानं मूल होण्यासाठी टिर्झेपाटाइड बंद करावं, अशी सूचना नाही. स्त्रियांचं वेगळं आहे. गर्भ राहण्याच्या आधी ही औषधं थांबवावी लागतात, सेमाग्लुटाइड तर निदान दोन महिने आधी. तेव्हा उद्या घरात कुणी ‘मलाही दे’ म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

पैशांचं औषध सुरू करण्याआधीच बोललेलं बरं. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, तेव्हा आठवड्याला एक लागणारी २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे देशी कंपन्यांना ते बनवायला वाट मोकळी झाली. तुमच्या खिशाला कोणतं झेपेल, हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. स्वस्त म्हणून समाजमाध्यमावरून किंवा चिठ्ठीविना कुणी देतं म्हणून घेऊ नका. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये इशारा दिलेला आहे. आणि खर्चाचा हिशोब चार महिन्यांचा करू नका. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेलं वजन सुमारे दोन तृतीयांश परत आलं, असं २०२१च्या त्या चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. बीपीची गोळी जशी बीपी नॉर्मल आलं म्हणून आपण थांबवत नाही, तसं हे आहे. दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ झेपणार नसेल, तर आधी झोपेची तपासणी, आहार आणि व्यायाम यांवर डॉक्टरांबरोबर नीट काम करा आणि औषध त्यानंतर सुरू करा.

डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा: घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला आहे का, तुम्हाला कधी स्वादुपिंडाची सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, आठवड्याला दारू किती होते. दारू होत असेल तर खरा आकडा सांगा. तिनंही स्वादुपिंडाला सूज येते, आणि दारू व हे इंजेक्शन एकत्र नकोत. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखून कळ पाठीत जाऊ लागली, उजव्या बरगडीखाली दुखून ताप आला, डोळे पिवळे झाले, अचानक एका डोळ्याची नजर कमी झाली किंवा घोटभर पाणीही पोटात ठरेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. पुढे कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनाची कल्पना आधी द्या, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.

आता बायकोचं. सांगायचं का, हा प्रश्न आता उरलेला नाही. पेन वाटून घेतल्यामुळे तुम्हाला संसर्ग झाला असेल, तर तो तिच्यापर्यंत जाऊ शकतो आणि होणाऱ्या बाळापर्यंतही. पहिल्या आणि नंतरच्या तपासण्यांचे अहवाल नीट येईपर्यंत निरोध वापरा, दुसऱ्या मुलाचा विचार तेवढे दिवस पुढे ढकला. हे तिला कारण न सांगता कसं करणार? रात्री मुलगी आजीकडे गेल्यावर सांगा. सुरुवात त्या पित्तापासून करा. ‘त्या दिवशी पित्त नव्हतं, मी वजनाचं इंजेक्शन घेतोय आणि मला भीती वाटली,’ इतकं म्हणालात तरी पुरे, पुढचं ती विचारेल. ती रागावेल, आणि तिला तो हक्क आहे. डॉक्टरांकडे तिला सोबत न्या. घरातलं जेवण बदलायचं आहे, त्यात तिचा आणि तुमच्या आईचा हात लागणार आहे. वडिलांना लगेच सांगायलाच हवं असं नाही, ते तुम्ही दोघं ठरवा.

आणि मित्राशीही बोला. त्याला वाईट म्हणू नका, त्यानं भल्यासाठीच केलं. पण त्यालाही याच तीन तपासण्या करायला लावा. तुमच्यानंतर त्यानंही त्याच पेनातून घेतलेलं आहे.